प्रश्न तुमचे : झरीचं पाणी आणि मंडळाची देणगी

प्रश्न : गोव्याच्या सत्तरी तालुक्यात डोंगरावरच्या एका वाड्यावर 35 घरं, 160 माणसं आहेत. सरकारी नळ आहे, पण एप्रिल-मेमध्ये पाणी वर चढत नाही. वाड्याच्या 40 मीटर वर, पाईपच्या वाटेने 600 मीटरांवर झर आहे. जानेवारीत 15 लिटरची बालदी 75 सेकंदांत भरली. आमच्या मंडळाकडे चार लाख रुपये आहेत. टाकी, पाईप, नळ सगळं आम्हीच करून द्यावं का? (वाचक, म्हापसा)

उत्तर : सगळं नको, आणि लगेच तर नकोच.

तुमच्या मोजणीने मिनिटाला 12 लिटर, म्हणजे दिवसाला 17,280 लिटर पाणी येतं. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने गरज 8,800 लिटरची. कागदावर जवळपास दुप्पट पाणी दिसतं, पण ते जानेवारीचं. जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या शेडीच्या (चिकणमातीच्या) थरावर अडतं आणि बाजूने झर होऊन फुटतं. पाऊस थांबला की जांभा हळूहळू रिता होतो. मेअखेर धार तिसऱ्या हिश्शावर आली तर 5,760 लिटरच मिळतील. तेव्हा मार्चपासून दर आठवड्याला वाड्यावरच्याच कोणीतरी मोजून वहीत लिहावं. धार खरंच एवढी उतरली, तर झरीचं पाणी पिण्या-रांधपापुरतंच धरा.

पाईप घेण्याआधी दोन गोष्टी बघा. जागा म्हादई अभयारण्यात किंवा वनजमिनीत येत असेल तर वनखात्याची परवानगी आधी. आणि ह्या पाण्यावर खाली कोणाचं कुळागर (माडा-पोफळीची बाग) शिंपलं जातं का? असेल तर त्याची लेखी संमती घ्या, टाकीतून ओसंडणारं पाणी परत व्हाळात (ओढ्यात) सोडा. ह्यावरून भांडण झालं की पाईप एका रात्रीत कापला जातो.

40 मीटर उतार म्हणजे साधारण चार किलो दाब. 32 मिमीचा, सहा किलो दाबाचा एचडीपीई (काळ्या प्लास्टिकचा) पाईप चालतो. उघड्यावर पीव्हीसी टाकू नका, उन्हात तो ठिसूळ होतो. पाईप दीड-दोन फूट पुरावा, नाहीतर उन्हाळ्यातला वणवा तो वितळवतो. झरीच्या तोंडाशी झाकणाची छोटी गाळटाकी आणि जाळी हवी. वाटेत पाईप जिथे उंच चढतो तिथे हवा अडकून धार बंद पडते. तिथे एअर व्हॉल्व्ह, आणि सर्वांत सखल जागी गाळ सोडायची तोटी बसवा. रात्रीचे दहा तास साठवायचं तर मेच्या धारेला 5,000 लिटरची एक टाकी पुरे.

आता पैसा. चर वाड्याने खणावा, साहित्य आणि प्लंबर तुम्ही द्या. जलजीवन मिशननेही डोंगराळ गावांकडून गावातल्या कामाच्या भांडवली खर्चाचा 5 टक्के वाटा मागितला होता, श्रमरूपाने चालतो. जोडणी शिकलेली दोन माणसं वाड्यावरचीच हवीत, एक तरी बाई, कारण पाणी गेलं की आधी तिलाच कळतं. घरटी महिना 50 रुपये घेतले तर 1,750 जमतात. त्यातून देखरेख करणाऱ्याचं मानधन, ब्लीचिंग पावडर आणि सांधे भागतात. वही आणि चावी वाड्याच्या समितीकडे राहू द्या. चार लाखांतले पन्नासेक हजार समितीच्या नावाने मुदत ठेवीत टाका. सगळे पैसे उद्घाटनापर्यंत संपवले की पहिला सांधा फुटल्यावर फोन म्हापशाला येतो.

प्रश्न : आमचे नातेवाईक इंग्लंडमध्ये आहेत, काहींकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. ते मंडळाला पैसे पाठवू शकतात का? (वाचक, मडगाव)

उत्तर : भारतीय पासपोर्टवाल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याची मात्र धरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी. त्यासाठी मंडळाला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे नोंदणी असलेल्या ओळखीच्या ट्रस्टकडे पैसे मागवून ते मंडळाने घ्यायचे, हा मार्गही बंद आहे.