क्लासची फी भरली, वही मात्र वाचली नाही

पत्राचा सारांश : माझी मुलगी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.८. पुण्याच्या एमपीएससी क्लासची फी आम्ही भरून टाकली आहे. मध्यंतरी तिच्या लॅपटॉपवर इटलीतल्या बारी इथल्या एका संस्थेला लिहिलेला मेल सापडला. तिला झाडांच्या रोगांवर संशोधन करायचं आहे म्हणे. चौकशी केली तर ती संस्था युरोप आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांची मिळून निघाली. ट्युनिशिया, मोरोक्को, इजिप्तची मुलं तिथे शिकतात. याला युरोप म्हणायचं का? आणि भारत त्यात नाहीच, तर हिला घेणार कोण? आमची संत्र्याची बाग वाळली, निदान मुलगी तरी या शेतीतून सुटावी असं वाटतं. वर्षभरात पोस्ट निघाली नाही तर स्थळं बघायला लागू, असं तिला स्पष्ट सांगितलं आहे. सध्या घरात या विषयावर बोलणं बंद आहे. तिच्या मेलची प्रत जोडली आहे. – एक पालक, माध्यमिक शिक्षक, वरुड तालुका

नमस्कार सर,

७.८ ची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटली ती ‘मेल सापडला’ या दोन शब्दांची. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीचा मेल तुम्ही उघडला, वाचला, त्याची प्रत काढली आणि मला पाठवली. यातलं तिला काय माहीत आहे? तुम्ही शिक्षक आहात. वर्गातल्या एखाद्या मुलीची वही तिला न विचारता दुसऱ्याला दाखवायला तुम्ही कचरला असता. मी तो मेल वाचला आणि वाचताना अवघडले, कारण तो माझ्यासाठी लिहिलेला नव्हता. आज संध्याकाळी तिला आधी हे सांगा की तो तुम्ही वाचला, आणि मलाही पाठवला. बाकीचं सगळं त्यानंतर.

पण आता वाचलाच आहे तर त्याबद्दल बोलते. तुमच्या पत्रात ‘झाडांच्या रोगांवर संशोधन’ एवढंच आहे. तिच्या मेलमध्ये आजोबांची बाग आहे. २१२ झाडं होती, आज १४० उभी आहेत. बारावीपासून ती वहीत नोंद ठेवते आहे : कोणतं झाड, कोणत्या बाजूची फांदी आधी गेली, कोणत्या बहारानंतर गेली. तिनं लिहिलंय की काही झाडांच्या बुंध्यावर डिंक येतो आणि सगळं झाड एकदम उतरतं, तर काहींच्या एकाच फांदीची पानं आधी पिवळी पडतात आणि बाकीचं झाड दोन वर्षं हिरवं राहतं. हे दोन वेगळे रोग असावेत का, असा तिचा प्रश्न आहे. सर, मी रोगशास्त्राची नाही. पण वीस वर्षं कृषीची मुलं समोर बसतात, त्यांत असा प्रश्न स्वतःहून घेऊन येणारी फार थोडी. डिंक्या, म्हणजे बुंध्यावर डिंक आणणारा रोग, मुळाकडून चढतो आणि ग्रीनिंग, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग, बहुतेकदा एखाद्या फांदीतून डोकं काढतो, हे पुस्तकात आहे. तिनं ते पुस्तकाआधी झाडावर पाहिलं.

‘हे खरं युरोप आहे का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर ऑलिव्हच्या झाडात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. बारी हे इटलीच्या टाचेकडच्या पुलिया प्रांतातलं शहर. २०१३ साली त्याच्या दक्षिणेला, गालिपोली गावाजवळ, ऑलिव्हची झाडं शेंड्याकडून करपू लागली. आधी पानांची टोकं, मग फांद्या, मग सगळं झाड. कित्येक झाडं शेकडो वर्षांची, बुंधा असा की चार माणसांनी हात धरून वेढा घालावा. कारण निघालं झायलेला नावाचा जिवाणू. तो झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि त्या बुजवतो, म्हणून मुळाला ओल असूनही शेंडा तहानेनं मरतो. फेस करून राहणारा एक बारका किडा रस शोषताना तो झाडाझाडांत पसरवतो. औषध आजही नाही. लाखो झाडं गेली. रोगट झाडं आणि त्यांच्या आसपासची झाडं तोडा, असं शास्त्रज्ञ म्हणाले तेव्हा शेतकरी आडवे पडले. डिसेंबर २०१५ मध्ये तर तिथल्या सरकारी वकिलांनी रोगावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचीच चौकशी लावली आणि तोडणी थांबवली. प्रकरण बंद व्हायला २०१९ उजाडलं, आणि तोवर रोग उत्तरेकडे सरकत राहिला.

समुद्रापलीकडे ट्युनिशिया आहे, मोरोक्को आहे, लेबनॉन आहे. तिथेही मैलोन् मैल ऑलिव्ह. इटलीत जे झालं ते उद्या आपल्याकडे येणार, ही भीती त्यांनाही होती. म्हणून दोन्ही काठांची माणसं एका बाकावर बसतात. ही बैठक नवी नाही. पॅरिसच्या करारानं १९६२ साली सिहाम ही संस्था झाली, तिचे आज १३ सदस्य देश आहेत आणि चार केंद्रं : बारी, फ्रान्समध्ये माँपेलिए, स्पेनमध्ये झारागोझा, ग्रीसच्या क्रीट बेटावर खानिया. तुमच्या मुलीनं यातल्या बारीला लिहिलं. इजिप्त-ट्युनिशियाची मुलं तिथे आहेत हा त्या संस्थेचा कमीपणा नाही, तिचं कामच ते आहे. शेती, उन्हाळा, पाण्याची टंचाई आणि कीड यांचा प्रश्न जर्मनीच्या थंड गावापेक्षा त्या मुलांना जास्त कळतो. तुमच्या मुलीला वर्गात कोण शेजारी हवं, हे वरुडच्या माणसाला मी सांगायला नको.

आता तुमचा मुख्य गैरसमज. भारत त्या गटात नाही म्हणून भारतीयाला दार बंद, असं तुम्हाला वाटतं. मुलीला उलट वाटतं, की चांगला मेल लिहिला की संस्था शिष्यवृत्ती देईल. दोघंही चुकता आहात. सिहामच्या शिष्यवृत्त्यांचा भर सदस्य देशांतल्या उमेदवारांवर असतो, त्यामुळे तिथे थेट मास्टर्सला जाण्याचा तिचा बेत मला कच्चा वाटतो. पण संशोधनाचा पैसा वेगळ्या वाटेनं फिरतो. उदाहरणार्थ, २०१८ पासून प्रिमा नावाची भागीदारी चालू आहे. कार्यालय बार्सिलोनात, विषय तीन : पाणी, शेती, अन्नाची साखळी. युरोपीय संघानं सुरुवातीला त्यात २२ कोटी युरो घातले, बाकीचा वाटा सहभागी देशांचा. किमान तीन देशांतल्या संस्थांनी एकत्र प्रस्ताव द्यायचा, त्यात दोन्ही काठ हवेत. देशांचा हिशेब इथे संपतो. प्रस्ताव मंजूर झाला की पैसा प्रयोगशाळेत येतो आणि प्रयोगशाळेला हात लागतात. मग पीएच.डी.ची जागा निघते आणि जाहिरात लागते. अशा जागांवर पुष्कळदा कोणत्याही देशाचा माणूस चालतो. मेरी स्क्लोदोव्स्का-क्युरी यांच्या नावानं युरोपीय संघ जी डॉक्टरेटची जाळी चालवतो, त्यांत तर राष्ट्रीयत्वाची अटच नाही. मुख्य अट आहे ती ही की ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. वरुडच्या मुलीला ती पाळायला काय अवघड? तिथे विद्यार्थी म्हणून सहसा फी भरायची नसते. नोकरीचा करार होतो, पगार मिळतो. ‘हिला घेणार कोण’ हा तुमचा प्रश्न त्या दिवशीपुरता तरी मिटतो. स्पर्धा मात्र जबर आहे, हेही लिहून ठेवा.

आणि इथेच मला तिची वाट वळवायची आहे. ती बारीच्या, म्हणजे ऑलिव्हच्या मागे लागली, कारण इंटरनेटवर बारीचं नाव आधी दिसलं. तिचं झाड संत्रं आहे. भूमध्य काठावर संत्र्याचं मोठं काम दुसरीकडे चालतं. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ मोंकादा गावात तिथल्या सरकारची शेती संशोधन संस्था आहे. फ्रान्सच्या कोर्सिका बेटावर सान जुलियानोला लिंबूवर्गीय जातींचा मोठा संग्रह आहे. त्या सगळ्या बागायतदारांची झोप उडवलेला रोग कोणता? ग्रीनिंग. हा जिवाणू झायलेलाच्या उलट नळ्या धरतो : पानांत तयार झालेलं अन्न खाली नेणाऱ्या. भूमध्य काठच्या बागांत तो रोग अजून शिरलेला नाही. पण तो वाहणारा सिला किडा इस्राएलमध्ये आणि सायप्रसमध्ये सापडला आहे, आणि आफ्रिकेकडचा त्याचा भाऊबंद २०१४ साली स्पेनच्या मुख्य भूमीवर पोचला. जो रोग त्यांना फक्त फोटोत माहीत आहे, तो आपल्याकडे कित्येक वर्षांपासून मुरलेला आहे. नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, सिला कधी येतो, मृग बहाराच्या नवतीवर जास्त की आंबिया बहाराच्या, जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेलं झाड किती वर्षं तग धरतं, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय असा माणूस व्हॅलेन्सियात मिळणं सोपं नाही. तुमची मुलगी तिथे काही मागायला जाणार नाही. तिच्याजवळ देण्यासारखं काहीतरी आहे. फक्त आज ते कच्च्या वहीत आहे, प्रयोगशाळेत तपासलेलं नाही.

ते तपासायची जागा तुमच्या घरापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी तिनं तिथे विचारावं, नाही जमलं तर अकोल्याला विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभागात. एकाच फांदीनं पिवळ्या पडणाऱ्या दहा झाडांची पानं घ्यावीत, डिंकवाल्या दहा झाडांच्या मुळांची माती घ्यावी, पीसीआर, म्हणजे रोगजंतू त्याच्या डीएनएवरून ओळखायची चाचणी, स्वतःच्या हातानं करायला शिकावं. एम.एस्सी.साठी राज्याची सीईटी आणि आयसीएआरची परीक्षा, दोन्ही द्याव्यात. त्याची माहिती कॉलेजात मिळते, मी त्यावर इथली जागा खात नाही. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी युरोपच्या जागा बघायला सुरुवात करावी, आज नाही. आणि मेल लिहायचा तर एकाच मजकुराचा अकरा जणांना नको. तिनं तसा पाठवलाय, प्रतीत वरच सगळे पत्ते दिसतात. एका प्रयोगशाळेचे दोन शोधनिबंध वाचून एकाच माणसाला लिहायचं, पहिल्या परिच्छेदात वहीतलं निरीक्षण आणि मग प्रश्न. परदेशी प्रवेश करून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

एमपीएससीची कृषी सेवा परीक्षा चांगली आहे. ज्याला ती नोकरी करायची आहे त्याच्यासाठी. तुमच्या पत्रात ती मुलीला करायची आहे असं एकही वाक्य नाही. फी परत मिळते का बघा, नाही मिळाली तर ती गेली असं समजा. भरलेली फी वसूल व्हावी म्हणून मुलीची दोन वर्षं घालवायची, हा हिशेब गणिताच्या शिक्षकानंही चुकीचाच ठरवला असता.

स्थळांची मुदत मात्र मागे घ्या. इथे मी अदबीनं पण ठाम बोलते. स्पर्धा परीक्षेचा निकाल मुलीच्या हातात नाही, जाहिरात कधी निघेल तेही नाही. जे तिच्या हातात नाही त्यावर तिच्या लग्नाची तारीख टांगायची, ही शिक्षा आहे. शिक्षा कशाची? तिला शेतीतलं काहीतरी आवडलं याची?

तुमचं ते वाक्य मी विसरले नाही. ‘आमची बाग वाळली, निदान मुलगी तरी सुटावी.’ बहात्तर झाडं वाळताना तुम्ही काय सोसलं असेल, कर्ज किती झालं असेल, वडिलांसमोर कुऱ्हाड कशी चालवली असेल, याची मला थोडी कल्पना आहे; वरुड-मोर्शीकडची अशी घरं मी पाहिली आहेत. तुम्हाला त्या बागेकडे पुन्हा बघवत नाही. ती मात्र दर बहाराला जाऊन मोजते. एकाच दुःखातून तुम्ही दोघं दोन दिशांना गेलात, आणि घरात बोलणं बंद असल्यानं हे एकमेकांना कळलेलंच नाही. ती शेती करायला निघालेली नाही. झाडं का मेली, हे तिला हवं आहे.

येत्या रविवारी तिच्यासोबत बागेत जा. क्लासचा, इटलीचा, लग्नाचा विषय काढू नका. वही तिच्या हातात असू द्या आणि पहिलं कोणतं झाड गेलं, ते तिला दाखवायला सांगा. तुम्हाला कदाचित तिच्याहून आधीचं आठवत असेल. ती वही बारावीपासूनची आहे, बाग त्याच्या कितीतरी आधीची. कोणत्या वर्षी कलमं कुठल्या रोपवाटिकेतून आणली, जंबेरीच्या खुंटावर होती की रंगपूर लिंबाच्या, पहिला डिंक कोणत्या ओळीत दिसला, हे तुमच्याकडूनच तिला मिळेल. नागपूरला पहिल्याच दिवशी तिला तेच विचारतील.

यापुढचं पत्र तिला लिहू द्या, तिच्या नावानं. सोबत वहीच्या पहिल्या चार पानांचे फोटो पाठवायला सांगा, झाडांच्या ओळींच्या आराखड्यासकट. म्हणजे नागपूरला कोणाकडे जायचं आणि काय बोलायचं, हे मी तिला नीट सांगू शकेन.