चौथीत ३० मुलं आणि दोनच टॅब, व्हिडिओ प्रकल्प जमेल का?

जमेल, फक्त टॅब सगळ्यात शेवटी हातात द्या. मी जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते; पाच-पाच जणांचे गट आधी कोऱ्या कागदावर सहा चौकटी आखतात, कुठल्या चौकटीत काय दिसणार आणि कोण काय बोलणार हे लिहितात, मगच टॅब मिळतो. पहिल्यांदा हरभऱ्याचं रुजणं घ्या: वाटी त्याच जागी, टॅब पुस्तकांच्या त्याच थप्पीला टेकवून, रोज एक फोटो. आठवड्याभराचे फोटो जोडले की मूळ लांबताना दिसतं. व्हिडिओ दीड मिनिटाच्या आत ठेवा. निवेदन मात्र पंखा बंद करून रेकॉर्ड करा, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते. मुलांचे चेहरे दिसत असतील तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकू नका.