जुनी शहाबादी, नवी टाइल आणि डिशवॉशर: आधी काय ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात तळमजल्यावरचं वीस-बावीस वर्षांचं घर, 10 बाय 8 फुटांचं स्वयंपाकघर, खाली शहाबादी. आता व्हिट्रिफाइड टाइल टाकायची, डिशवॉशर आणि मोठा फ्रिज आणायचा आणि जमलं तर ओटा आहे तोच ठेवायचा. तर आधी फरशी की आधी सामान?

बसवायची फरशी आधी, पण ठरवायचं सामान आधी. लगेच पैसे भरायची गरज नाही. मॉडेल पक्कं करा, त्याच्या इन्स्टॉलेशनचं पान छापून मिस्त्रीच्या हातात द्या. मग लेव्हलच्या नळीने चारही भिंतींवर एक रेघ मारून घ्या आणि तयार फरशीचा माथा त्या रेघेपासून किती खाली येणार ते भिंतीवरच लिहा. ओटा, प्लग, नळ, चिमणी, सगळ्यांची मापं त्या माथ्यापासून धरायची, आज पायाखाली आहे त्या फरशीपासून नाही. बहुतेक घोळ इथेच होतो.

तुमच्याच ओट्याचा हिशोब मांडतो. जुना ओटा बहुधा 32 इंचांचा, म्हणजे 813 मिमी. त्यातून 18 मिमी ग्रॅनाइट आणि त्याखालचा साधारण 25 मिमी कडप्पा वजा केला की खाली 770 उरतात. शहाबादीवरच टाइल चिकटवली तर 9 मिमी टाइल आणि 6 मिमी अॅडेसिव्ह (टाइल चिकटवायचा मसाला) मिळून आणखी 15 गेले, राहिले 755. पूर्ण आकाराचं डिशवॉशर 60 सेंमी रुंद आणि 845 मिमीच्या आसपास उंच असतं. वरचं झाकण काढता येणारं मॉडेल असलं तरी ते साधारण 820 वर येतं. शहाबादी उखडून काढली तरी हा फरक भरून निघत नाही. म्हणजे जुन्या ओट्याखाली ते बसणार नाही.

ओटा नव्या फरशीपासून 34 इंच (864 मिमी) केला, मशीनच्या जागेवर आडवा कडप्पा न देता दोन्ही बाजूंना उभे कडप्पे दिले आणि मध्ये 61-62 सेंमी मोकळी जागा सोडली तर झाकण काढलेलं मशीन आरामात जातं. मात्र घरात पोळ्या लाटणारी व्यक्ती पाच फुटांच्या आतली असेल तर 34 इंचांनी खांदे भरून येतात. ओट्याची उंची कोपरापेक्षा चारेक इंच खाली हवी. अशा घरात अख्खा ओटा चढवण्यापेक्षा सिंकच्या शेवटी मशीनपुरता वेगळा उंच भाग करावा, हे माझं मत.

टाइल मशीनच्या खाली, थेट मागच्या भिंतीपर्यंत गेली पाहिजे. चार टाइल वाचवायला मिस्त्री ओट्याच्या कडेशी थांबतात. मग मशीन खड्ड्यात उभं राहतं, समोर टाइलची कड येते आणि दुरुस्तीच्या वेळी ते बाहेर ओढता येत नाही.

आता जमिनीकडे. तापीकाठच्या काळ्या मातीवर तळमजला असेल तर जुन्या फरशीवर टाइल चिकटवण्याआधी विचार करा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची फरशी सोबत हलते. काठीच्या टोकाने प्रत्येक फरशी ठोकून बघा. दोन-चार पोकळ वाजल्या तर तेवढ्याच काढून भरा. मधोमध खळगा पडला असेल किंवा सांधे उघडले असतील तर सगळं उखडा, माती खणून मुरूम भरा, सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून धुम्मस करा, वर सोलिंग (दगडांचा थर) आणि 3-4 इंच पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट) द्या. खर्च वाढतो, पण हलत्या जमिनीवर कितीही भारी अॅडेसिव्ह टिकत नाही.

फरशी पक्की असेल तर वर्षानुवर्षांचा तेलकटपणा साबण आणि तारेच्या ब्रशने काढून वरचा थर ग्राइंडरने खरखरीत करायचा. गोणीवर ‘जुन्या फरशीवर चालते’ असं छापलेलं अॅडेसिव्हच घ्यायचं. नुसत्या सिमेंटच्या घोळावर व्हिट्रिफाइड टाइल धरत नाही, कारण ती पाणी जवळपास शोषतच नाही.

80 चौरस फुटांना 2 बाय 2 ची टाइल घेतलीत तर चार टाइलच्या खोक्यात साधारण साडेपंधरा फूट भरतात. दहा टक्के तूट धरून सहा खोकी लागतील. एकाच बॅचची घ्या, उरलेल्या पोटमाळ्यावर ठेवा. अॅडेसिव्हच्या 20 किलोच्या तीन ते चार गोण्या, ग्राउट (टाइलमधले सांधे भरायची पूड) दीड किलो. फिनिश मॅटच घ्या. शेंगदाणा तेलाचा एक थेंब चकचकीत टाइलवर काय करतो ते सांगायला नको.

काम मे महिन्यात काढू नका. 44-45 अंशांत अॅडेसिव्हवर पटकन साय धरते. काढावंच लागलं तर एका वेळी एक-दोन टाइलपुरतंच पसरायचं आणि बोटाला चिकटतंय का ते बघायचं. ‘बिनसांध्याची’ फरशी छान दिसते असं मिस्त्री म्हणेल, ऐकू नका. दोन टाइलमध्ये 2-3 मिमीचा स्पेसर (सारखी फट राखणारा तुकडा) आणि भिंतीलगत 6-8 मिमी फट हवी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. फट नसेल तर उन्हाळ्यात टाइल मधोमध तंबूसारख्या उचलतात.

फरशी 15 मिमी चढली की दाराचा खालचा भाग घासतो, मोरीची जाळी खड्ड्यात जाते आणि हॉलशी पायरी पडते. तिन्ही गोष्टी मिस्त्रीशी आधीच बोलून ठेवा. स्वयंपाकघर धुवायची सवय असेल तर मोरीकडे मीटरला 1 सेंमी उतार द्या, पण फ्रिज आणि मशीनची जागा त्या उताराबाहेर, सपाट ठेवा.

डिशवॉशरचा 16 अँपिअरचा प्लग मशीनच्या मागे नको, शेजारच्या कप्प्यात हवा. मागे असला तर मशीन पूर्ण आत सरकत नाही. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). पाण्याचा दाब आधी बघा. दहा मीटर उंचीला 1 बार पडतो, म्हणजे एकमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतून ओट्याखाली जेमतेम 0.3 बार मिळतो. काही मॉडेलना 0.5 लागतो, मग प्रेशर पंप आलाच. बोअरिंगचं पाणी जड असेल तर मशीनमधलं मीठ वेळेवर भरावं लागेल आणि सॉफ्टनरची (मशीनमधल्या पाणी मऊ करणाऱ्या भागाची) सेटिंग पाण्याच्या कठीणपणाप्रमाणे ठेवावी लागेल.

फ्रिज घेण्याआधी दार मोजा. 30 इंची दाराची चौकट वजा जाता 27-28 इंचच वाट उरते. साइड-बाय-साइड फ्रिज साधारण 36 इंच रुंद असतो, तो दारं काढून उभाच बाजूने वळवला तरी जाईल का, हे खोलीवर मोजूनच कळेल. बिजागरीच्या बाजूला भिंत असेल तर दार नव्वद अंशांपलीकडे उघडत नाही आणि आतले ड्रॉवर अडकतात. ट्रॉपिकल वर्गाचे फ्रिजही 43 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात आणि आपलं ऊन त्यापुढे जातं. म्हणून मागे-बाजूला कंपनीने सांगितलेली फट सोडाच, पश्चिमेची तापणारी भिंत आणि शेगडीचा शेजार टाळा.

गॅसचं थोडक्यात. सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला तळाशी जाळी हवी, कारण गळालेला गॅस खाली बसतो. काचेच्या हॉबवर मांड्यांचं खापर ठेवू नका, त्याची आच परतून काचेवर येते. चिमणी मॉडेलच्या पानावर दिलेल्या उंचीवर, साधारण 65-75 सेंमी, आणि पाइप 6 इंची ठेवा, मध्ये बारीक करू नका.

टाइल बसल्यावर दिवसभर पाय ठेवू नका, मग ग्राउट भरा. फ्रिज आठवड्याने आणा, तोही प्लायवुडच्या फळीवरून सरकवत.