सांगलीत राहतो. पेट्रोल कर्नाटकात लिटरमागे दोन रुपयांनी स्वस्त मिळालं, तर कागवाडला जाऊन टाकी भरणं परवडेल का?

फक्त त्यासाठी नाही. ३५ लिटरवर वाचतील ७० रुपये. जाऊन-येऊन ४० किलोमीटरच्या वर होतात. १६ च्या ॲव्हरेजने अडीच लिटर तिथेच जळतं. त्या बाजूला काम असेल तेव्हा भरा.

खरी गळती पंपावर असते. मीटरवर शून्य बघूनच नोझल टाकीत घालू द्या. माप कमी वाटलं तर ५ लिटरचं माप मागा, ते पंपावर असावंच लागतं. २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. नोझल आपोआप बंद झालं की बास, ‘राउंड फिगर करू का?’ला नाही म्हणा. जादा पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये (टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यात) जाऊन तो खराब होतो. महागडं प्रीमियम पेट्रोल मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच. टायरची हवा मात्र सकाळी, टायर थंड असताना तपासा.