माणूस घरी येतो, ड्युटी सुटत नाही

यावेळी आलेल्या पत्रांत बरीचशी पत्रं फायर ब्रिगेड, अँब्युलन्स, कंट्रोल रूम अशा ठिकाणी काम करणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची होती, म्हणून अख्खा कॉलम त्यांच्यासाठीच ठेवलाय. पत्रं थोडी छोटी केलीयत आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न: ताई, माझे मिस्टर फायरमन आहेत, १४ वर्षं झाली सर्व्हिसला. दोन महिन्यांपूर्वी एका बिल्डिंगच्या आगीत एक लहान मुलगा वाचला नाही, ह्यांनीच त्याला उचलून बाहेर आणलं होतं. तेव्हापासून हे घरात असतात पण नसल्यासारखे. आमचा मुलगा साधारण त्याच वयाचा आहे, त्याला जवळच घेत नाहीत. रात्री बाहेरच्या खोलीत झोपतात, दाराकडे तोंड करून. साधं भांडं पडलं तरी दचकून उभे राहतात. मी रोज म्हणते काय झालं ते सांगा, मन मोकळं करा, तर चिडतात नाहीतर उठून बाहेर जातात. आता थोडी थोडी घ्यायलाही लागलेत. मी कुठे कमी पडतेय का?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तुम्ही कुठेही कमी पडत नाहीये, आणि हे वाक्य हवं तर दोनदा वाचा.

आता मुलाचं. तुम्हाला वाटत असेल की ह्यांची माया आटली, पण बहुतेक वेळा असतं उलटंच. स्वतःच्या लेकराला उचललं की हाताला ते दुसरं वजन आठवतं, आणि ते आठवायला नको म्हणून माणूस लेकरापासूनच लांब राहतो. ट्रॉमामध्ये, म्हणजे मनावर असा मोठा आघात झाला की, हे टाळणं अगदी ठरलेलं असतं, ज्या ज्या गोष्टीने ते दृश्य परत समोर येईल ती ती गोष्ट माणूस टाळत जातो, मग ती गोष्ट स्वतःचं पोरगं का असेना. दाराकडे तोंड करून झोपणं आणि भांडं पडल्यावर दचकणं पण त्यातलंच, शरीर अजून आगीच्या वर्दीची घंटा वाजायची वाट बघतंय, त्याला कुणी सांगितलेलंच नाहीये की ती आग विझली.

असा काही प्रसंग झाला की पहिले काही दिवस, अगदी दोन-तीन आठवडे सुद्धा, झोप न लागणं, तेच तेच डोळ्यासमोर येणं, चिडचिड होणं हे कुणालाही होऊ शकतं आणि बऱ्याच जणांचं ते हळूहळू आपोआप निवळतं. पण महिना उलटून गेला तरी तसंच चालू आहे, दृश्य परत परत येतंय, माणूस टाळाटाळ करतोय, मन बधिर झालंय, शरीर सारखं ताठ आहे, आणि त्याचा परिणाम घरावर कामावर दिसायला लागलाय, तर मग नुसतं "वेळ जाऊ दे" म्हणून थांबायचं नाही. तुमच्याकडे दोन महिने झालेत. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहून गेलेला मानसिक त्रास, म्हणतात तो हाच प्रकार असू शकतो, पण तो आहे की नाही हे तुम्ही किंवा मी लांबून ठरवायचं नाही, ट्रॉमाचं काम करणाऱ्या सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टने समोर बसून ठरवायचं. आणि एक सांगते, हे नाव सरकारी कागदावरच्या शिक्क्यासारखं घाबरवणारं वाटतं ना, पण अमेरिकेतल्या सायकियाट्रिस्टच्या संघटनेने १९८० मध्ये हे निदान आपल्या यादीत घेतलं तेव्हा त्यामागचा मुद्दाच हा होता की माणूस कमकुवत नाही, त्याच्यावर जे कोसळलं ते भयंकर होतं.

आता तुमचं "मन मोकळं करा". हे तुम्ही प्रेमाने म्हणता हे मला कळतंय. पण ह्यांच्या कानाला ते कसं ऐकू येतं बघा. मन मोकळं करायचं म्हणजे तो मुलगा, तो धूर, तो जिना सगळं परत बघायचं, ते सुद्धा तुमच्यासमोर, आणि ते चित्र मग तुमच्याही डोक्यात कायमचं बसणार. बरेच जण घरच्यांना वाचवायलाच गप्प बसतात. म्हणून "काय झालं" हा प्रश्न थोडे दिवस पूर्ण बंद करा. त्याऐवजी एकदा, भांडण चालू नसताना, आणि समोरासमोर बसून नाही तर काहीतरी काम करता करता म्हणा, "तिथे काय झालं ते मला नाही सांगितलं तरी चालेल. पण तुम्ही झोपत नाही हे मला दिसतंय, आणि मी इथेच आहे." बस्स. उत्तराची वाट बघत उभं राहायचं नाही. नंतर रोजचे प्रश्न छोटे ठेवा, काल झोप किती लागली, आज डोकं दुखतंय का, असे. घटनेबद्दल विचारणं आणि माणसाबद्दल विचारणं यात खूप फरक आहे.

मुलाशी मात्र बोला आणि लवकर बोला. मुलांना कुणी काही सांगितलं नाही की ती स्वतःच कारण शोधतात आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे "माझंच काहीतरी चुकलं". त्याला एवढंच सांगा की बाबांना कामावर खूप वाईट गोष्ट बघावी लागली, त्यांना बरं वाटायला वेळ लागतोय, आणि यात तुझं काहीच चुकलेलं नाही. आणि ह्यांना मुलाला मांडीवर घ्या म्हणून आग्रह करू नका, शेजारी बसून चित्र रंगवणं, चप्पल घालून देणं, इतक्यापासून सुरुवात होऊ दे.

दारूचं. ती झोपेसाठीच घेत असणार, आणि पहिले दोन तास झोप लागतेही, पण नंतरची अर्धी रात्र तुटक होते, स्वप्नं आणखी त्रास देतात, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावीशी वाटते. दारूवरून भांडू नका, पण डॉक्टरांना पहिल्याच भेटीत ते सांगितलं गेलं पाहिजे. झोपेच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून मनाने आणायच्या नाहीत, दारूसोबत तर नाहीच नाही.

उपचार आहेत आणि चांगले आहेत. ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर बोलून काम करायची थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत ती आठवण हाताळायची थेरपी) या दोन पद्धतींचा आधार सगळ्यात भक्कम आहे, साधारण ८ ते १२ सेशन्स लागतात, कुणाला जास्तही. तिथेही त्या रात्रीबद्दल बोलावं लागतंच, पण ते तयारी करून, हळूहळू, सांभाळायला शिकलेल्या माणसासोबत. घरात जेवताना अचानक विचारण्यासारखं ते नसतं.

आणि एक अवघड गोष्ट. "जगण्यात काही राम नाही", "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही कानावर आलं, किंवा अचानक सगळी आवराआवर, निरवानिरव सुरू झाली, तर सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतायत का. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू बाजूला करा, आणि त्याच दिवशी इमर्जन्सीला किंवा संकटकाळच्या हेल्पलाईनला फोन करा, अपॉइंटमेंट मिळायची वाट बघायची नाही.

शेवटचं तुमच्यासाठी. ते तयार होवोत न होवोत, तुम्ही स्वतःसाठी काउन्सेलरकडे जा. त्यांना कसं आणायचं हे विचारायला नाही, स्वतःसाठी. दोन महिने तुम्ही पण नीट झोपलेल्या नाही, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये पण मला ते दिसतंय.

प्रश्न: मी अँब्युलन्सवर पॅरामेडिक आहे. एका मोठ्या अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी आम्हा सगळ्यांना एका खोलीत गोल बसवलं आणि प्रत्येकाला काय बघितलं ते सविस्तर सांगायला लावलं. माझी पाळी येईपर्यंत मी घामाने भिजलो होतो. तेव्हापासून मी स्वतः न बघितलेली, दुसऱ्यांनी सांगितलेली दृश्यं पण स्वप्नात येतात. बाकीचे म्हणतात बरं वाटलं. माझ्यातच काही प्रॉब्लेम आहे का?

उत्तर: नाही दादा, प्रॉब्लेम पद्धतीत आहे, आणि हे मी मनाचं सांगत नाहीये. ही गोल बसून बोलायची पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली, ते स्वतः फायर आणि पॅरामेडिकचं काम केलेले, त्यामुळे हेतू शंभर टक्के चांगला होता आणि ती जगभर पसरली. पण नंतर तपासून बघितलं तर एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याने पुढचा पीटीएसडी टळतो असं काही दिसलं नाही. भाजलेल्या पेशंट्सवर झालेला एक अभ्यास १९९७ मध्ये आला, त्यात १३ महिन्यांनी बघितलं तर एकट्याने किंवा जोडीदारासोबत अशी बैठक घेतलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना पीटीएसडी होता आणि न घेतलेल्यांपैकी ९ टक्के. ते पेशंट होते, तुमच्यासारखे कर्मचारी नव्हते, म्हणून आकडा जसाच्या तसा तुम्हाला लावू नका, पण सगळ्यांना सरसकट बोलायला लावायचं नाही एवढं त्यातून नक्की घ्यायचं, आणि जागतिक आरोग्य संघटना पण आता तेच सांगते.

त्याऐवजी काय? संघटनेनेच २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं मार्गदर्शक काढलं, त्याचा गाभा तीन शब्दांत आहे, बघा, ऐका, जोडा. कोण सुरक्षित आहे, कुणाला लगेच मदत लागेल ते बघा, जो बोलेल त्याचं ऐका पण खोदून विचारू नका, आणि माणसाला त्याच्या घरच्यांशी, मित्रांशी, पुढच्या मदतीशी जोडून द्या. तुमच्या वरिष्ठांना सांगा की अशी बैठक ठेवली तरी ती ऐच्छिक ठेवा, उठून जाणाऱ्याला कुणी काही म्हणणार नाही हे सुरुवातीलाच सांगा. आणि ज्यांना बरं वाटलं त्यांना खरंच वाटलं असेल, त्यावरून वाद नको. स्वप्नं महिनाभरात कमी झाली नाहीत तर एकट्याने जाऊन भेटा कुणाला तरी.

प्रश्न: मी कंट्रोल रूममध्ये फोन घेते. मी कधी स्पॉटवर गेलेले नाही, रक्त बघितलेलं नाही. तरी एका कॉलमधला श्वासाचा आवाज माझ्या डोक्यातून जात नाही. सहकारी म्हणतात तू तर एसीत बसून असतेस. मला त्रास व्हायचा हक्क आहे का?

उत्तर: बाळा, हक्काचा प्रश्नच येत नाही. २०१३ मध्ये पीटीएसडीचे निकष सुधारले तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं गेलं की कामाचा भाग म्हणून भयंकर घटनांचे तपशील परत परत किंवा टोकाच्या प्रमाणात अंगावर येणं हे सुद्धा ट्रॉमाचं कारण असू शकतं. म्हणजे कानाने झालेली जखम पण जखमच.

आणि तुझ्या कामात एक जास्तीची गोष्ट आहे जी स्पॉटवरच्या लोकांना कळत नाही. त्यांना निदान शेवट दिसतो, वाईट असला तरी. तुला अर्धीच गोष्ट मिळते. हेडसेटमध्ये तो श्वास चालू असतो, गाडी पोचते, लाईन कट होते, आणि तीन सेकंदांत पुढचा कॉल. तो माणूस जगला का? कुणीच सांगत नाही. मग रात्री मन त्या गोष्टीला वेगवेगळे शेवट लावत बसतं, आणि बहुतेक वाईटच. म्हणून सुपरवायझरशी बोलताना एक ठोस मागणी कर, ज्या कॉलचा शेवट कळावा असं वाटतं त्याचं पुढे काय झालं एवढं कळवायची काहीतरी सोय, आणि जड कॉलनंतर दहा मिनिटं हेडसेट काढून बाहेर जायची मुभा. कुठलीही कंट्रोल रूम हे करू शकते, फक्त कुणीतरी मागावं लागतं. आवाज अचानक डोक्यात सुरू झाला तर दोन्ही पाय जमिनीवर दाबून समोरच्या पाच वस्तूंची नावं मनात घे, श्वास आत घेतेस त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ घे. हा उपचार नाही, शिफ्ट संपेपर्यंतचा आधार आहे. उपचारासाठी वर पहिल्या ताईंना लिहिलंय ते तुलाही लागू.

प्रश्न: आमच्या वस्तीत बरीच कुटुंबं अशा नोकऱ्यांमधली आहेत. आम्ही काही जणी मिळून आधारगट सुरू करायचं म्हणतोय. आमच्यापैकी कुणी काउन्सेलर नाही. जमेल का?

उत्तर: जमेल, आणि याला फार जुना आधार आहे. २८ नोव्हेंबर १९४२ ला बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नाईटक्लबला आग लागली, ४९२ माणसं गेली, फिरता दरवाजा माणसांनी जाम झाला होता. तिथल्या हॉस्पिटलमधले डॉक्टर एरिक लिंडेमन वाचलेल्यांना आणि घरच्यांना भेटत राहिले, १९४४ मध्ये त्यांनी हे लोक आणि जवळचं माणूस गमावलेले इतर मिळून एकूण १०१ जणांच्या अनुभवावरून शोकाबद्दल लिहिलं. आणि मग हा माणूस हॉस्पिटलमध्येच बसून राहिला नाही, १९४८ मध्ये त्यांनी बॉस्टनजवळच्या वेलस्ली गावात वस्तीतच सल्ला केंद्र काढलं. धर्मगुरू, शिक्षक, ज्यांच्याकडे लोक तसेही जातातच, त्यांना बरोबर घेतलं तर माणूस मोडायच्या आधी मदत पोचते असं त्यांचं म्हणणं होतं. तुम्ही काउन्सेलर नाही पण ती जवळची माणसं तुम्ही आहात.

फक्त काही गोष्टी पक्क्या ठरवा. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, आणि हे वस्तीत सगळ्यात अवघड असतं कारण सगळे एकमेकांना ओळखतात, एकदा जरी कुणाची गोष्ट नळावर पोचली तरी गट संपला. साहेबांच्या बायका आणि जवानांच्या बायका एकाच बैठकीत असतील तर जवानांच्या बायका बोलणार नाहीत, नवऱ्याच्या नोकरीची भीती असते, तेव्हा छोटे वेगळे गट करा. कुणाला घटनेचे तपशील विचारायचे नाहीत. तुमच्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर कुणाकडे पाठवायचं, त्या दोन-तीन प्रोफेशनल्सची नावं आधीच भेटून ठरवून ठेवा, वेळ आल्यावर शोधाशोध नको. नुसत्या बैठकांपेक्षा कामाची मदत जास्त पोचते, नाईट शिफ्टच्या रात्री कुणाची मुलं कुणाकडे झोपणार, दवाखान्यात सोबत कोण जाणार, हे ठरवा, बोलणं आपोआप सुरू होतं.

आणि एक वही ठेवा तारखांची. कुणाच्या घरी काय कधी झालं त्याची. पहिला महिना सगळे येतात, वर्ष भरत आलं की कुणीच नसतं, आणि नेमकी तीच तारीख जवळ आली की झोप परत उडते. त्याच्या आठवडाभर आधी त्या घराचं दार वाजवा, काही विचारू नका, फक्त जा.