मोघम आदेश मागू नकोस

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

मुलाला मार्गशीर्षात पाच वर्षे पूर्ण होतील आणि त्या दिवसापासून कायद्याने तो वडिलांकडे जाईल, असे सासरच्या मंडळींनी तुला सांगितले आहे. तुझ्या भावाचे म्हणणे असे की पोटगी थकली आहे, तेव्हा ती मिळेपर्यंत बापलेकाची भेट बंद करावी. आणि तू स्वतः कोणाला न सांगता पुण्याहून नागपूरला माहेरी निघून जाण्याच्या विचारात आहेस. तिन्ही गोष्टींचा मला राग आला, तिसरीचा सर्वांत जास्त.

पाच वर्षांचे आधी सांगते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे परंतुक, म्हणजे मूळ नियमाला जोडलेली अट, आहे. सहाव्या वर्षी मूल आपोआप वडिलांच्या स्वाधीन होते, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. वय काहीही असो, कलम 13 नुसार मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च निकष राहतो आणि 1890 चा पालक व पाल्य अधिनियमही न्यायालयाला त्याच दिशेने पाहायला सांगतो. गोव्यातल्या एका तान्ह्या मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली ताबा आईला दिला, पण त्याच निकालात वडिलांची भेट कायम ठेवली. हा दुसरा भाग घरी सांगताना लोक सोयीस्करपणे गाळतात. नऊ वर्षांचे मूल स्वतःच निवड करते, ही आणखी एक लोकप्रिय समजूत. कायद्यात असे कोणतेही वय नाही. मूल विचारपूर्वक मत देण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ते मत विचारात घेऊ शकते, एवढेच.

तेव्हा वाढदिवसाची धास्ती सोड आणि जिकडे तुझे लक्षच नाही तिकडे बघ. तुझ्या वकिलांनी अंतरिम अर्जाच्या, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशासाठीच्या अर्जाच्या, उत्तरात ‘वडिलांना वाजवी भेट देण्यास हरकत नाही’ असे लिहिले आहे. वाजवी म्हणजे किती, कोणत्या वारी, किती वाजता, कोठे? बापाला वाजवी वाटते ते शनिवारी सकाळपासून सोमवारच्या शाळेपर्यंत आणि तुला वाजवी वाटते ते रविवारचे दोन तास. असा मोघम आदेश मोडला गेला तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, कशाच्या आधारावर करणार? आदेशात वेळच नसेल तर उशीर झाला हे सिद्ध होत नाही. म्हणून वार, वेळ आणि जागा लिहून घे. वकिली केली तेवढी वर्षे मी हेच सांगत आले आणि तुलाही तेच सांगते.

यात तुझा तोटा आहे असे तुला वाटत असेल, कारण ताबा तुझ्याकडे आहे. उलट लेखी वेळापत्रकाची गरज ज्याच्याकडे मूल राहते त्यालाच अधिक असते. मुलाला कोठून न्यायचे, परत किती वाजता आणायचे, बाप आजारी असेल तर आजी-आजोबांनी नेलेले चालेल का, दिवाळीचे कोणते दिवस कोणाकडे, मे महिन्याच्या सुटीचा पहिला पंधरवडा कोणाचा, हे सगळे लिहिलेले असले की उद्या कोणी अवेळी शाळेच्या फाटकाशी उभे राहिले तर तुला मुख्याध्यापकांना कागद दाखवता येतो. फोनचीही वेळ लिही. ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्टपणे म्हटले आहे. ते तुला जाचक वाटेल, पण ठरलेली दहा मिनिटे दिवसभर वाजत राहणाऱ्या फोनपेक्षा कितीतरी बरी.

आता भावाचा सल्ला. थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा अर्ज असतो. तो आजच कर, मी मसुदा पाहून देईन. परंतु पोटगी आणि भेट यांची सांगड घालू नकोस. मूल काही घरमालकाने भाड्यापोटी अडवून ठेवलेले सामान नव्हे. मुले ही आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 सालीच बजावले होते. भेट अडवलीस तर पुढच्या तारखेला थकबाकीदार नवरा बाजूला राहील आणि आदेश मोडणारी आई म्हणून तू न्यायाधीशांसमोर उभी असशील. मारहाण, व्यसन किंवा मुलाला इजा होण्याची भीती असेल तर गोष्ट वेगळी. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली दंडाधिकारी भेट नाकारू शकतात आणि कौटुंबिक न्यायालय समुपदेशकाच्या देखरेखीखाली भेट ठरवून देऊ शकते. तुझ्या पत्रात तसे काही नाही. असेल तर ते माझ्यापासून लपवू नकोस, कारण मग मी लिहिलेल्यातले बरेच बदलावे लागेल.

पोटगीपायी भेट बंद करण्याचे अर्ज मी कधीच दाखल केले नाहीत. त्यापायी पक्षकार फाइल घेऊन दुसरीकडे गेले, आणि ही बाई वकील आहे की शाळेचे वेळापत्रक लावणारी पर्यवेक्षिका, असे बार रूममध्ये माझ्या पाठीमागे म्हटले जाई. म्हणोत. मोठमोठ्या युक्तिवादांनी मिळवलेले ताब्याचे निकाल वर्षभरात पुन्हा न्यायालयात आलेले मी पाहिले आहेत, आणि नीट लिहिलेली दोन पानांची संमतीपत्रे मुले सज्ञान होईपर्यंत टिकलेलीही पाहिली आहेत. खंत आहे ती वेगळीच. कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने 2015 साली आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात आणण्याची शिफारस केली; ती अजून कायद्यात उतरलेली नाही, आणि तोवर अंतरिम अर्ज तारखांमागून तारखा खात पडून राहतात. मोठ्यांच्या दाव्यात एक वर्ष सहज निघून जाते, पण तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा असतो. याबद्दल मी भाषणे केली, निवेदने दिली, आणि हाती काही लागले नाही.

नागपूरला जायचे असेल तर जा, पण न्यायालयाला सांगून जा. दावा कोणत्या न्यायालयात चालेल हे मुलाचे नेहमीचे वास्तव्य कोठे आहे यावर ठरते. रातोरात गाडीत बसवून नेल्याने ते वास्तव्य बदलत नाही, फक्त तुझ्यावरचा विश्वास जातो. ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 26 खाली तो बदलून मागता येतो. नोकरी, घर, शाळा यांची कागदपत्रे जोड आणि अंतर वाढल्यामुळे भेटीचे काय होणार तेही तूच आधी मांड: दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा शनिवार-रविवार, सुटीतले दिवस वाढवून, आणि प्रवासाचा खर्च कोणाकडे.

समुपदेशकांकडे तुमची बैठक आहे त्याआधी हा मसुदा तू स्वतः लिही, वकिलांवर सोडू नकोस. वार, वेळ आणि जागा. गणपतीचे दिवस विसरू नकोस, त्यावरून हमखास भांडण होते. लिहून झाले की मला पाठव. त्यात ‘परस्पर समजुतीने’ असे कोठेही दिसले तर मी न वाचता परत पाठवीन.

तुझी,
मावशी