वाचक विचारतात : फुगे वाचले, चित्रं राहिली

प्रश्न : वर्तमानपत्रातलं राजकीय व्यंगचित्र मला लगेच कळतं. पण आर्ट स्पिगेलमन यांचं ‘माउस’ हे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या छळावरचं चित्रकथेचं पुस्तक दोन बैठकांत संपवलं, तरी त्यात व्यंगचित्राचं असं काय, ते उमगलं नाही. वाचताना काय चुकलं?

उत्तर : तुम्ही बहुधा फुगे, म्हणजे पात्रांच्या तोंडचे संवाद, तेवढेच वाचलेत. मजकूर नजरेला पुढे ओढतो आणि चित्र मागे राहतं. आता एकच प्रकरण घ्या आणि एकही शब्द न वाचता पानं उलटा. कोणती चौकट मोठी झाली, कोण पाठमोरं आहे, काळी शाई कुठे दाटली, एवढंच बघा. मग मजकुरासकट वाचा.

ज्यूंना उंदीर ठरवणं हा नाझी प्रचाराचाच भाग होता. स्पिगेलमन यांनी तीच शिवी उचलून तिची पात्रं केली : ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं. एका चौकटीच्या व्यंगचित्रात अशी उपमा एकदा वापरली की काम झालं. इथे ती दोन भाग, सुमारे तीनशे पानं चालवायची आहे. म्हणून ती कुठे उसवते ते शोधा, खरं व्यंग तिथेच आहे.

पहिल्या भागातलं सहावं प्रकरण काढा. लेखकाचे आईवडील आन्या आणि व्लादेक पोलिश असल्याचं भासवत लपतछपत फिरतात, तेव्हा त्यांच्या तोंडावर डुकराचे मुखवटे आहेत. आन्याच्या कोटाखालून मात्र उंदराची शेपटी लोंबतेय. तिचा चेहरा ज्यू म्हणून चटकन ओळखू येई, हे व्लादेक सांगतो. धोका किती, ते शेपटी सांगते. त्याआधीच्या पाचव्या प्रकरणात दोघं वाटेवर आहेत आणि रस्त्यांच्या फाट्यांचं स्वस्तिक झालंय. कुठेही वळले तरी नाझींच्याच चिन्हावर. हे फुग्यात कुठेच लिहिलेलं नाही.

दुसऱ्या भागात लेखक स्वतः टेबलाशी बसलेला दिसेल. चेहरा माणसाचा, त्यावर उंदराचा मुखवटा बांधलेला, आणि टेबलाखाली प्रेतांचा खच. या पानावर थांबाच. ज्या उपमेवर पुस्तक उभं आहे, तिच्यावरच लेखक इथे बोट ठेवतो.

प्रश्न : फोनवर वाचलं तर चालेल?

उत्तर : एकेक चौकट दाखवणारी सोय बंद करून पूर्ण पान दिसू द्या. नाहीतर लहानमोठ्या सगळ्या चौकटी पडद्याला सारख्याच भरतात आणि चित्रकाराने मुद्दाम मोठी केलेली चौकट तुमच्या लक्षातच येत नाही. शक्य असेल तर छापील प्रतच घ्या. स्पिगेलमन यांनी मूळ चित्रं छापील आकारातच काढली आहेत, त्यामुळे कागदावर त्यांच्या हाताची रेघ आहे त्याच मापात दिसते.